कळकलेली तार

मोटारसायकलच्या तारा जोडणारा कपलर उघडून मिस्त्रीने "कार्बन आलाय" असं सांगितलं, तर खुशाल समजावं की तो कार्बन नव्हे. पिनांवर जमलेली ती हिरवट पूड तांब्याच्या क्षारांची असते आणि आपल्या आज्यांना ती चांगली ठाऊक होती. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार राहिलं की ते कळकायचं. हल्ली पितळेबरोबर हे कळकणंही स्वयंपाकघरातून गेलं, आणि मोटारसायकलच्या हेडलाइटच्या डोममध्ये, टाकीखाली नि सीटखाली मुक्कामाला आलं.

माझी दहा वर्षांची जुनी गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. दोन पावसाळ्यांपूर्वी तिने विचित्र चाळे सुरू केले. डावा इंडिकेटर दिला की मागचा दिवाही त्याच्या तालावर लुकलुकायचा. ब्रेक दाबला की हॉर्नचा आवाज बसायचा. बॅटरी बदलून झाली, फ्लॅशर बदलून झाला. आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी दोष निघाला एका दहा नंबरच्या बोल्टखाली. तिथे अर्थच्या तारेचं थिंबल, म्हणजे टोकाची कडी, चासीला कसलेलं होतं, आणि थिंबल व चासी यांच्यामध्ये गंज आणि हिरवी पूड यांचा पापडासारखा थर बसला होता.

गाडीच्या वायरिंगमध्ये जाणाऱ्या विजेचं सगळे कौतुक करतात, परतणाऱ्या विजेकडे कोणी बघत नाही. दिवे, हॉर्न, इंडिकेटर यांच्या परतीच्या तारा एकत्र येऊन एक-दोन बोल्टांनी चासीला टेकतात, आणि तिथून वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाते. हा टेकू कळकला की वीज अडून बसत नाही, दुसरी वाट शोधते. इंडिकेटरची वीज मागच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटी शिरून घरी जायला बघते, म्हणून मग तो दिवा विनाकारण लुकलुकतो. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या, तर खिशात हात घालण्याआधी अर्थचे बोल्ट उघडून बघावेत. मला हे नवी बॅटरी विकत घेऊन झाल्यावर कळलं.

आता प्रश्न असा की हे करतो कोण? पाऊस, असं उत्तर आपण देऊन टाकतो. पण पावसाचं ताजं पाणी विजेचं तसं वाईट वाहक आहे. त्यात विरघळलेलं फार काही नसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि हे क्षार वाऱ्यावर बसून गावात येतात. उघड्या पृष्ठभागावर बसलेले क्षार पाऊस धुऊन नेतो. आडोशाला बसलेले तसेच राहतात. त्यामुळे पडवीत झाकून ठेवलेली गाडी सुरक्षित, ही समजूत किनाऱ्यावर पुरती खरी नाही. जिथे पाऊस पोचत नाही आणि वारा पोचतो, अशा जागी क्षार वर्षभर साठत जातात. पुढचं काम दमट हवा करते. पावसाळ्यात जाड मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते कोणी ओतलेलं नसतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं बाष्प ओढून स्वतःच विरघळतं, आणि समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलं होतं. कपलरमध्ये शिरलेला मिठाचा कण म्हणजे ती बरणीच. पावसाचा एक थेंब आत न जाताही तिथे खारं पाणी तयार होतं.

या खाऱ्या थेंबात बारा व्होल्टची बॅटरी जोडली की जे घडतं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत थरारक वाटतं. शेजारी-शेजारी दोन पिना आहेत, एक पॉझिटिव्ह, एक अर्थ, आणि मध्ये ओल. त्या ओलीतून थोडी वीज झिरपते. मुलामा देणाऱ्या कारागिराच्या टाकीत जे होतं तेच इथे होतं: पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळून पाण्यात उतरू लागतो. समजा, फक्त एक मिलिअँपिअर वीज गळते आहे. पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती अशी रिकामी व्हायला दोनशेहून जास्त दिवस लागतील. पण मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये मांडलेल्या नियमाने हिशोब केला, आणि ती सगळी वीज तांबं विरघळवण्यातच गेली असं धरलं, तर तेवढीच वीज दिवसाला २८ मिलिग्रॅम तांबं खाते. महिन्याला पाऊण ग्रॅमच्या वर. कपलरमधल्या बारीक पिनेत मुळात तेवढा धातूच नसतो.

म्हणून वायरिंगमध्ये सगळ्यात आधी मरतात त्या कायम जिवंत असलेल्या तारा: बॅटरीपासून फ्यूजकडे आणि तिथून चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या. चावी बंद असली तरी त्यांच्यात विजेचा दाब असतोच, म्हणजे गाडी झोपलेली असताना त्या झिजत असतात. "गाडी वापरलीच नाही, मग खराब कशी झाली?" या नेहमीच्या तक्रारीचं एक उत्तर हे आहे.

पाणी तारेच्या आत कसं शिरतं, तेही बघण्यासारखं आहे. गाडीतली तार एकसंध नसते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या नेहमीच्या तारेत ०.२ मिलिमीटर जाडीच्या १६ बारीक तारा असतात, आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या फटी. निरांजनाची वात जशी तूप वर ओढते, तशा या फटी पाणी ओढतात. टोकाला पडलेला थेंब प्लॅस्टिकच्या आवरणाखालून वीतभर आत जातो, आणि तिथून त्याला बाहेर यायला वाट नसते. आवरण वरून नवंकोरं, आतली तार काळी ठिक्कर. अशा तारेला सोल्डर धरत नाही आणि कितीही मागे सोलत गेलं तरी लखलखीत तांबं लवकर सापडत नाही. सोळांपैकी एक तार शाबूत असली तरी टेस्टरचा छोटा बल्ब पेटतो, आणि मिस्त्री म्हणतो, "करंट तर येतोय." येतो, पण हेडलाइटला पुरेल एवढा येत नाही.

किती फरक पडतो? हेडलाइटचा ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब जवळजवळ तीन अँपिअर घेतो. वाटेत कळकलेल्या पिनेने ०.४ ओहमचा अडथळा उभा केला, तर दाब सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे साधारण दहा टक्के. हॅलोजनचा प्रकाश मात्र दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. दाब दहा टक्के घटला की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. घाटात धुकं असताना तो हवा असतो. शिवाय तीनेक वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सतत तयार होत राहते. कपलरचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवतीच तपकिरी होऊन चुरतं, ते याच उष्णतेने. सेल्फ स्टार्टर तर पन्नासेक अँपिअर ओढतो. त्याच्या वाटेत ०.०५ ओहमही भारी पडतात: अडीच व्होल्ट तिथेच खर्च, आणि मग नुसतीच टकटक.

हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त तो चालू भारावर लावायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि स्टार्टर दाबायचा. दोन्ही ठिकाणं एकाच लोखंडाची असल्यासारखी वागली पाहिजेत. मीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर अर्थ आजारी आहे. नुसत्या दिव्यांवर हाच आकडा दशांश व्होल्टच्या आत असावा. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि बॅटरी बदलण्यापेक्षा फारच स्वस्त.

उपायांकडे येताना आधी अपाय सांगायला हवेत, कारण गाड्या पावसाने बिघडतात त्याहून जास्त पावसाच्या भीतीने केलेल्या उद्योगांनी बिघडतात असं माझं मत झालं आहे. जूनच्या तोंडावर सगळे कपलर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्यावर काळी टेप गुंडाळायची, हा पहिला उद्योग. दिसायला चोख. पण गाडी तापते आणि गार होते, आणि त्याबरोबर प्रत्येक बंद पोकळी श्वास घेते. साठ अंशांवरची हवा पंचवीसवर आली की तिचं आकारमान एक दशांशाने घटतं, आणि ती जागा भरायला बाहेरची ओली हवा आत येते. बाहेर पाणी असेल तर पाणीच येतं. पिशवीत गेलेलं पाणी परत जात नाही. मातीच्या बाबतीत 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे ठीक आहे. वायरिंगमध्ये पाणी अडवलं की ते जिरतं ते तांब्यात.

दुसरा उद्योग पॉलिश पेपरचा. पिन हिरवी दिसली की घासून चकचकीत करायची. पितळेच्या पिनेवर कारखान्यात कथलाचा पातळ थर दिलेला असतो, म्हणजे कल्हईच. ती घासून काढली की पितळ उघडं पडतं आणि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने कळकतं. कल्हईचं भांडं वाळूने घासणाऱ्या मोलकरणीला घरात बोलणी बसायची. गॅरेजात मात्र त्याबद्दल मजुरी देतो आपण. पूड काढायला मऊ ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बरा. त्यानेही पिन उजळत नसेल तर ती घासू नये, बदलावी. पिना सुट्या मिळतात.

तिसरा उद्योग सिलिकॉन सीलंटचा. बाथरूमच्या फटी भरायचं हे सीलंट कपलरभोवती थापतात. उघडताना व्हिनेगरसारखा वास आला तर ते वायरिंगजवळही आणू नये. तो वास खराच व्हिनेगरच्या आम्लाचा असतो. सुकताना ते आम्ल बाहेर पडतं आणि थेट तांब्याला लागतं. पितळी पातेल्यातलं ताक ते हेच. चौथा उद्योग म्हणजे धुलाई केंद्रावर मारला जाणारा डिझेल नि जळक्या ऑइलचा फवारा. लोखंडी पत्र्याला त्याने काही दिवस संरक्षण मिळत असेल, पण कपलरची रबरी सील आणि तारांवरची रबरी टोपणं त्याने फुगतात, सैल होतात, आणि मग पाण्याला दार सताड उघडं.

फवाऱ्यांत सगळ्यांचा लाडका डब्ल्यूडी-४०. अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने तो १९५३ मध्ये बनवला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणं, चाळिसावा प्रयत्न', आणि सुरुवातीला तो अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये म्हणून वापरात होता. भिजलेल्या स्विचमधलं पाणी हटवायला तो उत्तम आहे. पण मागे राहतो तो थर फार पातळ आणि अल्पजीवी. कोकणातल्या चार महिन्यांना तो पुरत नाही. पाणी हटवणं आणि पाणी येऊ न देणं ही कामं वेगळी आहेत.

दुसऱ्या कामासाठी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस असतं. त्याचाही जन्म लष्करी गरजेतला. विमान खूप उंच गेलं की विरळ हवेत इग्निशनची वीज वाटेतच गळायची, म्हणून ते सांधे भरून टाकायला डाऊ कॉर्निंग या १९४३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने असं ग्रीस काढलं. ते त्या कंपनीचं पहिलं उत्पादन. ते वीजरोधक आहे हे ऐकून आमचे मिस्त्री दचकले होते. "करंट अडवणारं ग्रीस पिनेला लावायचं?" शंका रास्त आहे. पण दोन धातू एकमेकांना टेकतात ते सगळ्या पृष्ठभागावर नाही, काही सूक्ष्म उंचवट्यांवर. पिन दाबून बसवली की तिच्या स्प्रिंगच्या दाबाने त्या उंचवट्यांवरचं ग्रीस बाजूला सरतं, आणि भोवतालच्या खळग्यांत भरून राहतं. त्याच खळग्यांत एरवी हवा आणि पाणी बसलं असतं. वाटाण्याएवढं ग्रीस एका कपलरला पुरतं. तांब्याची किंवा दुसऱ्या धातूची पूड मिसळलेलं ग्रीस मात्र अनेक पिनांच्या कपलरात घालू नये; ते दोन पिनांमध्ये पूल बांधू शकतं.

बॅटरीच्या टोकांना साधी पेट्रोलियम जेली चालते. तिथली पूड वेगळ्या जातीची असते: पांढरी किंवा निळसर. निळी झाक म्हणजे बॅटरीतल्या गंधकाम्लाने तांब्याला धरलं. सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्याला ती लगेच ओळखू येईल, कारण तो मोरचूदच. खायच्या सोड्याच्या पाण्याने ती फसफसून निघते. मग धुवायचं, सुकवायचं, बोल्ट कसायचा आणि वरून जेली.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र आपल्या घरांच्या छपरावर आहे. कौलांवरून आलेलं पाणी वळचणीला पागोळ्या होऊन गळतं, भिंतीकडे येत नाही, कारण छप्पर भिंतीच्या पुढे आणि खाली उतरलेलं असतं. तारेलाही तशीच वळचण देता येते. कपलरमध्ये शिरण्याआधी तार किंचित खाली झुलवून मग वर न्यायची. तारेवरून ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाला गळून पडतो, कपलरकडे चढत नाही. कपलरचं तोंड आभाळाकडे असेल तर ते आडवं किंवा खाली वळवायचं. कारखान्यात हे पाहिलेलं असतं. पण वायरिंग एकदा सोडून पुन्हा बांधलं की झोळ नाहीसे होतात आणि तारा ताणून, टायने करकचून आवळल्या जातात. तारांवर टेप गुंडाळायचीच तर खालचं टोक मोकळं सोडावं.

नवीन जोड द्यायचा प्रसंग मोबाइल चार्जरमुळे किंवा फॉग लॅम्पमुळे येतो. दोन तारांना पीळ मारून टेप, ही आपली राष्ट्रीय पद्धत. निरांजनाची वात तयार करायला याहून चांगली पद्धत नाही. चालू तारेला न तोडता दातांनी चावा घेणारे छोटे क्लिपही तसेच, कारण त्यांनी पाडलेलं भोक कायमचं राहतं. त्यापेक्षा नीट क्रिम्प केलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घ्यावी. तापवल्यावर नळी आवळते, आतला गोंद वितळून तारेभोवती बसतो आणि तारेचं तोंड बंद होतं. बिनगोंदाची नळी स्वस्त असते आणि पाण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. सोल्डरला माझा विरोध नाही, पण सोल्डर तारेत पुढे झिरपून ती ताठ करतं, आणि हा ताठ भाग जिथे संपतो तिथे गाडीच्या थरथरीने तार तुटते.

जुन्या गाड्या या बाबतीत सोशिक होत्या. दिवा मंद झाला तरी गाडी घरी यायची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू आला, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन नि त्याच्याबरोबर सेन्सरांची पलटण आली. सायलेन्सरवरचा ऑक्सिजन सेन्सर बोलतो तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या भाषेत. तिथे कपलरच्या ओलीतून झिरपलेला थोडासा दाबही इंजिनच्या मेंदूला खोटी बातमी देतो, आणि इंजिन त्या बातमीवर विश्वास ठेवून पेट्रोल ओततं. या गाड्यांचे कपलर जास्त चांगले आहेत, रबरी सीलचे आहेत. पण आयपी-६७ असा शिक्का असला तरी त्याचा अर्थ एक मीटर खोल शांत पाण्यात तीस मिनिटं, एवढाच. वीतभरावरून रोखलेली धुलाई केंद्राची पाण्याची तोफ त्या परीक्षेत नव्हती. हँडलवरचे स्विच, चावीचं भोक, टाकीखालचे कपलर आणि साइड स्टँडचा स्विच यांच्यावर ती रोखू देऊ नये. हा शेवटचा स्विच सगळ्यात खाली, चिखलात. तो बिघडला की गिअर टाकताच गाडी बंद पडते आणि माणूस भर पावसात प्लग बदलत बसतो.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कित्येक गाड्या हँडलपर्यंत गाळात होत्या. अशा गाडीची चावी फिरवून बघायचा मोह आवरावा. बॅटरी सोडवावी आणि कपलर उघडून चक्क स्वच्छ पाण्याने धुवावेत. ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी नुसतं सुकलं की गाळ आणि क्षार जागेवर राहतात आणि पहिल्या दमट दिवशी पुन्हा जागे होतात. खाडीचं पाणी असेल तर दोनदा धुवावं. मग वारा, कॉन्टॅक्ट क्लीनर, ग्रीस, या क्रमाने.

आणि मे महिन्यात गावी येऊन, गाडी पडवीत लावून मुंबईला परतणारे चाकरमानी. त्यांची गाडी गणपतीपर्यंत हलत नाही, आणि तीन महिने तो एक मिलिअँपिअर आपलं काम करत बसतो. त्याला थांबवायला एक बोल्ट पुरतो: बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. निगेटिव्हच आधी, कारण पाना चुकून चासीला लागला तर ठिणगी उडत नाही. जोडताना ती शेवटी. तार सोडली की पिनांवरचा दाब गेला, आणि ओल असली तरी वीज नसल्याने ते भराभर विरघळणं थांबतं. सोडलेला बोल्ट आणि त्याचा चौकोनी नट तिथेच टेपने चिकटवून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते शोधायला अख्खं घर कामाला लागतं, आणि मूर्ती आणायला शेजाऱ्याची रिक्षा सांगावी लागते.